फिरकीची साक्ष

छोट्या विमानांच्या वैमानिकांमध्ये एक जुना विनोद आहे. पेट्रोलचा काटा एकदाच खरं बोलतो, टाकी रिकामी झाल्यावर. त्यामागे अमेरिकन नियमावलीतलं एक वाक्य आहे. विमान सपाट उडत असताना टाकीत फक्त वापरता न येणारं इंधन उरलं असेल, तेव्हा काट्याने शून्य दाखवलं पाहिजे, असं ते सांगतं. पुष्कळांनी त्याचा परस्पर असा अर्थ लावला की बाकी वेळी काट्याने काहीही दाखवलं तरी चालेल. तसं अर्थातच नाही. पण हा गैरसमज इतकी वर्षं टिकला, कारण अनुभव साधारण तसाच येतो.

ज्यांनी जुनी बाईक चालवली आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. काटा कधीचाच मेलेला असतो. मग झाकण उघडून, गाडी डावी-उजवीकडे हलवून आतली खळखळ ऐकायची आणि आवाजावरून अंदाज बांधायचा, "जाईल रे कात्रजपर्यंत." नाही गेली तर रिझर्व्ह आहे, आणि तेही संपलं तर पंपापर्यंत ढकलायला दोन पाय आहेत. वैमानिकाची अडचण इथेच सुरू होते. त्याला कडेला थांबता येत नाही.

म्हणून या शनिवारी विषय घेतलाय तो विमानाच्या इंधनाच्या हिशोबाचा. टाकीत किती आहे, इंजिन किती पितंय, आणि जो आकडा समोर दिसतोय तो खरा कशावरून? हा शेवटचा प्रश्न आपल्या धंद्यातलाही आहे. आपण दिवसभर डॅशबोर्डवरचे आकडे बघतो आणि त्यांच्या भरवशावर निर्णय घेतो. तो आकडा शेवटचा कुणी पडताळला, असं विचारलं तर मीटिंगमध्ये शांतता पसरते :-)

आधी टाकीबद्दल. छोट्या विमानात टाकी बहुधा पंखात असते. लांबट आणि उथळ, ताटलीसारखी. विमान जरा कललं की पेट्रोल एका टोकाला जातं आणि आतला तरंगता गोळा आपली जागा सोडतो. हवा खराब असेल तर तो सतत वर-खाली नाचतो. दुसऱ्या महायुद्धात आपल्याकडचे शिकाऊ वैमानिक ज्या टायगर मॉथवर शिकले, त्याची १९ गॅलनची टाकी वरच्या पंखाच्या मधोमध होती. टाकीच्या डोक्यावर काचेची नळी आणि नळीत तरंगता गोळा. वैमानिकाने मान वर करून बघायचं. पायपर कबमध्ये तर नाकावरच्या टाकीच्या झाकणातून एक तार वर आलेली असे. तारेच्या खालच्या टोकाला बूच. बूच खाली गेलं की तार खाली. ही साधनं साधी होती आणि साधी असल्यामुळे फसवतही कमी. पण त्यांच्याकडून मिळायचं ते फक्त एवढंच: भरपूर आहे, अर्धं आहे, आता उतरा.

माझं आजोळ आंबेगाव तालुक्यातलं लोणी. डिंभे धरण याच तालुक्यात घोड नदीवर आहे, पण लोणी-धामणीचा पूर्वेकडचा पट्टा कायम पाण्याची वाट बघणारा. मामांच्या विहिरीवर किर्लोस्करचं डिझेल इंजिन होतं. (किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी १९४६ साली पुण्यात, खडकीला सुरू झाली. महाराष्ट्रातल्या विहिरींवर वीज पोचण्याआधी तिची इंजिनं पोचली, असं म्हटलं तर फारसं चुकणार नाही.) त्या इंजिनाच्या टाकीला काटा नव्हता. मामांकडे एक काठी होती, तिच्यावर विळ्याने पाडलेल्या खुणा. लहानपणी मला वाटायचं, खुणा सारख्या अंतरावर का नाहीत? मामा घाईत होते की काय? मग एकदा त्यांनीच सांगितलं. टाकी आधी कोरडी केली, लिटरच्या मापाने एक-एक लिटर डिझेल ओतलं आणि दर लिटरला काठी बुडवून ओल जिथवर आली तिथे खूण केली. टाकीचा तळ गोलसर होता, त्यामुळे खालच्या खुणा लांब-लांब आणि वरच्या जवळ-जवळ.

मराठीत कॅलिब्रेशनला 'अंशशोधन' असा सरकारी शब्द आहे. मामांना तो माहीत नव्हता, पण ती काठी म्हणजे शुद्ध अंशशोधन. ज्याचं माप पक्कं माहीत आहे अशा भांड्याने ओतायचं, साधनाने काय दाखवलं ते बघायचं, आणि त्या दोहोंचा मेळ खुणेने पक्का करून ठेवायचा. पुढे आपण कितीही इलेक्ट्रॉनिक्सच्या गप्पा मारल्या तरी मूळ काम एवढंच राहतं.

काठी टाकीत किती उरलं ते सांगते. इंजिन तासाला किती खातं हे ती सांगत नाही. त्यासाठी मामा घड्याळ बघायचे. इतके तास इंजिन चाललं, काठीवर इतक्या खुणा उतरल्या, म्हणजे तासाला इतकं. विमानांचा पहिला जमानाही असाच घड्याळावर चालला.

१९२७ च्या मे महिन्यात चार्ल्स लिंडबर्ग न्यूयॉर्कहून एकटा पॅरिसला गेला. साडेतेहतीस तास. वजन वाचवायचं म्हणून त्याने इंधनाचे काटेच बसवले नव्हते. पाच टाक्या होत्या. कोणत्या टाकीवर किती तास झाले त्याच्या खुणा तो समोरच्या फळीवर पेन्सिलने करत गेला. सगळी भिस्त एकाच गृहीतकावर होती: हे इंजिन या वेगाने, या उंचीवर तासाला इतकंच पितं.

आपल्याकडची तारीख १५ ऑक्टोबर १९३२. जे. आर. डी. टाटा कराचीहून पस मॉथ विमानात टपालाच्या थैल्या घेऊन निघाले आणि अहमदाबादमार्गे दुपारी जुहूला उतरले. १९२९ साली वैमानिकाचा परवाना क्रमांक १ ज्यांना मिळाला तेच हे जे. आर. डी. विमानाचा वेग ताशी शंभर मैलांच्या आसपास. रेडिओ नाही, जमिनीवरून वाट दाखवणारं काही नाही. अहमदाबादला पेट्रोल आलं ते बैलगाडीतून, बर्मा शेलच्या डब्यांत. पुढे नेव्हिल व्हिन्सेंट यांनी ते टपाल बेळ्ळारीमार्गे मद्रासला नेलं. पावसाळ्यात जुहूच्या मैदानाचं तळं व्हायचं, तेव्हा या टपालसेवेचा कारभार पुण्याला हलवावा लागे.

बैलगाडीचा किस्सा सगळे गंमत म्हणून सांगतात. मला त्यातले डबे जास्त महत्त्वाचे वाटतात. डब्यात किती मावतं ते ठरलेलं असतं. टाकी काठोकाठ भरायला किती डबे लागले ते मोजलं, आणि मागच्या वेळी टाकी भरल्यापासून किती तास उडलो ते बघितलं, की इंजिनाची खरी भूक कळते. डबा हेच माप होतं. दर थांब्यावर इंधन भरताना आपोआप कॅलिब्रेशन होत होतं, त्याला तसं नाव नव्हतं इतकंच. १९८२ साली, पन्नास वर्षं झाली म्हणून, ७८ वर्षांच्या जे. आर. डीं.नी लेपर्ड मॉथ या जुन्या विमानातून कराची ते मुंबई हा प्रवास पुन्हा एकट्याने केला. तोवर जगात विमानाच्या इंधनाचा हिशोब ठेवायचं नवं साधन आलं होतं. त्याची गोष्ट मात्र पाण्यातून सुरू होते.

१७९० साली राइनहार्ड वोल्टमन या जर्मन अभियंत्याने नदीचा वेग मोजायला एक फिरकी वापरली. पात्यांचं छोटं चाक पाण्यात धरायचं आणि ठरावीक वेळात ते किती फेरे मारतं ते मोजायचं. पाणी जोरात, तर फेरे जास्त. आजही नद्या-कालव्यांवर वापरलं जाणारं करंट मीटर हे त्याचंच नातवंड, आणि आपल्या घराच्या नळाला जे मीटर असतं तेही त्याच कुळातलं.

पण फिरकी फेरे मोजते, पाणी मोजत नाही. एका फेऱ्यामागे किती पाणी, हे तिला कुणीतरी शिकवावं लागतं. पुण्यात यासाठी एक खास जागा आहे. सिंहगडला जाताना खडकवासल्याची जी केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्था आपण मागे टाकतो, ती. १९१६ साली मुंबई इलाख्याच्या सिंचनाच्या कामासाठी सुरू झालेली. तिथे एक लांबलचक हौद आहे. हौदातलं पाणी स्थिर, वरून रुळांवर चालणारी ट्रॉली. ट्रॉलीखाली करंट मीटर पाण्यात लटकवायचं आणि ट्रॉली ठरलेल्या वेगाने ओढायची. नदी स्थिर आणि मीटर वाहतंय, असा उलटा मामला. वेग आपल्याला पक्का माहीत, फेरे मोजलेले, मग दोघांचं समीकरण मांडायचं आणि ते त्या मीटरच्या नावाने लिहून द्यायचं. प्रत्येक मीटरचं समीकरण वेगळं. एकाच कारखान्यातून आलेली दोन मीटरंही हुबेहूब सारखी वागत नाहीत.

याच संस्थेच्या सुरुवातीच्या काळातले क्लॉड इंग्लिस हे कालव्यात बांधायच्या 'स्टँडिंग वेव्ह फ्ल्यूम' या मापकासाठी ओळखले जातात. कालवा एका ठिकाणी अरुंद करायचा, तळ उचलायचा आणि वरच्या बाजूची पाण्याची उंची बघून किती पाणी जातंय ते काढायचं. त्यात फिरणारा एकही भाग नाही. खरं तर कालव्यावर पुढच्याला जास्त पाणी मिळतं की शेपटाकडच्याला कमी, हे भांडण मुळात मापाचं आहे. पाणी तासावर दिलं, तर ज्याच्या चारीला जोर जास्त त्याची चैन. २००५ साली महाराष्ट्रात सिंचन पद्धतींचं शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन व्हावं म्हणून कायदा झाला. पाणीवापर संस्थांना पाणी घनमापाने मोजून द्यायचं, हे त्यात आलं. कायदा कागदावर एका ओळीत लिहिता येतो. तो शेतात खरा करायला चारीच्या तोंडाशी विश्वासाचं मापक लागतं.

आता परत इंजिनाकडे येऊ. माझी डिग्री मेकॅनिकलची आणि नोकरी आयटीतली. पुण्यात हे इतकं सर्रास आहे की त्याचं कुणाला काही वाटत नाही. पण मेकॅनिकलवाल्यांनी इंजिनाचं एक प्रॅक्टिकल नक्की केलेलं असणार. डिझेलच्या वाटेवर एक उभी काचेची नळी, तिच्यावर मिलिलिटरच्या खुणा. टाकीचा कॉक बंद केला की इंजिन त्या नळीतलं डिझेल पिऊ लागतं. पातळी एका खुणेवरून दुसऱ्या खुणेवर यायला किती सेकंद लागले ते स्टॉपवॉचवर बघायचं. झालं, इंधनाचा प्रवाह मिळाला. तेव्हा आम्ही जर्नल पूर्ण करायच्या नादात आकडे टाकून मोकळे व्हायचो. आज वाटतं, इंधन मोजायचा याच्याइतका प्रामाणिक मार्ग क्वचितच असेल. काचेतून दिसतं ते दिसतं.

ही काचेची नळी विमानात नेता येत नाही. मोठ्या विमानांत प्रवाहमापकं आधीच आली होती. छोट्यांना परवडेल असं साधन १९७०-८० च्या दशकांत आलं, मायक्रोप्रोसेसर स्वस्त झाल्यावर. बघायला गेलं तर तीच वोल्टमनची फिरकी, अंगठ्याएवढ्या पोकळीत बसवलेली. पेट्रोल तिच्यातून इंजिनाकडे जातं आणि फिरकी गरगर फिरते. एका बाजूला प्रकाशाचा बारीक झोत, समोर तो टिपणारा डोळा. पातं मध्ये आलं की झोत तुटतो, एक पल्स मिळते. समोरच्या पडद्यामागचा प्रोसेसर पल्स मोजतो. मिनिटाला किती पल्स यावरून तासाला किती लिटर ते कळतं, आणि सगळ्या पल्सची बेरीज केली की उड्डाणभरात किती जळलं ते.

यात एकच आकडा जादूचा आहे. एका लिटरमागे किती पल्स? त्याला के-फॅक्टर म्हणतात. लोकप्रिय सेन्सरमध्ये तो गॅलनला ६८ हजारांच्या घरात असतो, म्हणजे लिटरला साधारण १८,०००. कारखान्यातून सेन्सर येतो तेव्हा त्याच्यावर आकडा लिहिलेला असतो, तो सेटिंगमध्ये टाकायचा. आपल्या भाषेत डिफॉल्ट कॉन्फिगरेशन. आणि डिफॉल्ट कॉन्फिगरेशनवर प्रॉडक्शन चालवलं की काय होतं, ते तुम्ही जाणताच.

कारखान्यात सेन्सर सरळ नळीला लावून तपासलेला असतो. विमानात तो इंजिनाच्या खोपटात, वाकड्या-तिकड्या नळ्यांच्या मध्ये बसतो. सेन्सरच्या तोंडाशी नळीला वळण असेल तर पेट्रोल गिरकी घेत आत शिरतं आणि फिरकी फसते. उष्णतेने नळीत वाफेचे बुडबुडे झाले तर फिरकी बुडबुड्यांचेही फेरे मोजते. इंजिनाचा पंप पेट्रोल धक्क्या-धक्क्याने ढकलतो. विजेवरचा मदतीचा पंप चालू केला की आकडा आणखी हलतो. इंजिन मंद चालत असताना प्रवाह इतका बारीक असतो की फिरकीला स्वतःचं घर्षणही जड जातं. काही इंजिनांत तर जास्तीचं पेट्रोल परत टाकीकडे पाठवणारी नळी असते. तिथे सेन्सर चुकीच्या जागी लावला, तर परत गेलेलं पेट्रोलही 'जळलं' म्हणून खाती पडतं. थोडक्यात, खडकवासल्याच्या मीटरांसारखंच. प्रत्येक विमानाचं समीकरण वेगळं.

मग कॅलिब्रेशन कसं करायचं? बैलगाडीतल्या डब्यांसारखंच. विमान सपाट जागी, दर वेळी त्याच जागी आणि त्याच दिशेने उभं करून टाकी एका ठरलेल्या खुणेपर्यंत भरायची. उडायचं. परत येऊन तिथेच उभं करायचं, त्याच खुणेपर्यंत भरायचं आणि पंपाने किती लिटर दिले ते लिहायचं. पडदा काय म्हणतो तेही लिहायचं. एका उड्डाणावर निकाल द्यायचा नाही. खुणेपर्यंत भरण्यात दोन-तीन लिटरचं इकडे-तिकडे होतंच, आणि वापर थोडा असेल तर तेवढ्यानेही हिशोब बिघडतो. म्हणून तीन-चार टाक्यांची बेरीज करायची. समजा पडद्याची बेरीज २१० लिटर आणि पंपाची २००. नवा के-फॅक्टर म्हणजे जुना गुणिले २१० भागिले २००. म्हणजे १८,००० च्या जागी १८,९००. शाळेतलं त्रैराशिक. अर्थात विमानाच्या सेटिंगला हात लावायचा तो अधिकार असलेल्या माणसानेच, आणि विमानाच्या वहीत नोंद करून.

वरच्या उदाहरणात पडदा जास्त खर्च दाखवत होता. ती चूक खिशाला लागते, जिवाला नाही. उलटी चूक बघा. प्रत्यक्षात २०० लिटर जळतात तेव्हा पडदा १९० दाखवतो. फक्त पाच टक्के. वापरता येईल असं १५० लिटर पेट्रोल घेऊन तुम्ही निघालात. पडदा म्हणतो, १३० जळले, २० शिल्लक. खरं म्हणजे जवळजवळ १३७ जळलेत आणि १३ उरलेत. चार माणसांचं छोटं विमान तासाला ३४ लिटर पितं असं धरू. तुम्हाला वाटतंय ३५ मिनिटं हातात आहेत, आणि आहेत २३. ही बारा मिनिटं म्हणजे साधारण ४० किलोमीटर. दिवसाच्या उड्डाणात इच्छित ठिकाणी पोचल्यावर निदान ३० मिनिटांचं इंधन उरावं, असा अमेरिकेत नियम आहे. एका चुकीच्या स्थिरांकाने त्यातली चाळीस टक्के गंगाजळी गुपचूप संपवली, आणि पडद्यावर सगळं हिरवंगार.

आता के-फॅक्टर अगदी अचूक आहे असं धरू. तरी एक भोक उरतंच. ही यंत्रणा टाकीत डोकावत नाही. सुरुवातीला वैमानिक सांगतो 'इतकं भरलंय', आणि त्यातून ती वजाबाकी करत जाते. सुरुवातीचा आकडाच चुकला तर पुढची सगळी वजाबाकी बिनचूक आणि उत्तर साफ चूक.

२३ जुलै १९८३ रोजी कॅनडात हेच झालं. एअर कॅनडाचं नवं कोरं बोइंग ७६७. कॅनडा तेव्हा पौंडांकडून किलोकडे चालला होता. विमानाचे इंधनाचे काटे बंद पडले होते, म्हणून टाकीची खोली पट्टीने मोजली. ७,६८२ लिटर होते. पल्ल्यासाठी लागत होते २२,३०० किलो. लिटरचे किलो करायला गुणायचं होतं साधारण ०.८ ने. गुणलं १.७७ ने, जो लिटरचे पौंड करायचा आकडा. त्यामुळे भरायला हवं होतं वीस हजार लिटर, भरलं गेलं जेमतेम ४,९००. विमानाच्या संगणकाला सांगितलं, २२,३०० किलो आहेत. त्याने इमानदारीत वजाबाकी केली. इंजिनं थांबली तेव्हाही त्याच्या हिशोबाने इंधन शिल्लक होतं. कप्तान बॉब पिअर्सन ग्लायडर चालवणारा निघाला म्हणून विमान गिमलीच्या जुन्या हवाई तळावर उतरलं आणि सगळे वाचले. आपल्याकडे १९५६ च्या कायद्यानंतर शेर-पायली जाऊन किलो-लिटर आले, तेव्हा बाजारात जुन्या-नव्याचा घोळ बरीच वर्षं चालला. भाजीच्या गाडीवर असल्या घोळाचे पाव-अर्धा शेर होतात. विमानात त्याचं काय होतं ते गिमलीला दिसलं.

दुसरं उदाहरण घरचं. १५ नोव्हेंबर १९९३. इंडियन एअरलाइन्सचं एअरबस ए-३०० मद्रासहून हैदराबादला आलं. तिथे नीट दिसेना, म्हणून पुन्हा वर उठलं. उतरण्यासाठी पंखांचे फ्लॅप उघडलेले होते, ते मिटेनात. तसंच मद्रासला परतायचं ठरलं. फ्लॅप उघडे म्हणजे पाल उघडी ठेवून वाऱ्याविरुद्ध होडी हाकण्यासारखं. वेग कमी आणि दर किलोमीटरला खर्च भलताच. वाटेत इंधन संपलं आणि विमान तिरुपतीजवळ भातशेतात उतरवावं लागलं. सुदैवाने कुणी दगावलं नाही. इथे मापक चुकण्याचा प्रश्नच नव्हता. नेहमीच्या परिस्थितीतला हिशोब वेगळ्या परिस्थितीला लावून चालत नाही, एवढाच याचा धडा. तासाला किती लिटर, हे कळून भागत नाही. पोचायला किती तास, हेही त्याच वेळी विचारावं लागतं.

म्हणून शहाणे वैमानिक दोन साक्षीदार ठेवतात. पंखातला काटा ढोबळ असतो, पण टाकी त्याच्या डोळ्यांसमोर असते. फिरकी बारकाईने मोजते, पण तिला टाकी दिसत नाही. झाकण नीट न लागल्यामुळे पेट्रोल पंखावरून उडून जात असेल, तर फिरकीला त्याचा पत्ताच नसतो. काट्याला असतो. दोघांचं जुळलं तर पुढे जायचं. बिनसलं, तर जो कमी शिल्लक सांगतो त्याचं ऐकायचं आणि जवळचा तळ गाठायचा. तिसरा साक्षीदार म्हणजे उडण्याआधी टाकीत बुडवलेली काठी. बारामतीला किंवा धुळ्याला विमान शिकणाऱ्या पोरांसमोर आता रंगीत पडदे असतात, पण काठीची सुट्टी अजून झालेली नाही.

शेजारच्या जुन्नर तालुक्यात खोडदला जी महाकाय रेडिओ दुर्बीण आहे, ४५ मीटर व्यासाच्या तीस थाळ्यांची, तिथेही हीच रीत. नवीन काही बघायच्या आधी थाळ्या अशा एका स्रोताकडे वळवतात, ज्याची तेजस्विता आधीच पक्की माहीत आहे. माहीत असलेल्याबद्दल यंत्र काय सांगतं ते तपासायचं, मगच अनोळखी आकाशाबद्दल त्याचं ऐकायचं.

राहिला एक प्रश्न. विमानाची फिरकी पंपाच्या मीटरवरून दुरुस्त केली. पंपाचं मीटर खरं कशावरून? उत्तर तुमच्या नेहमीच्या पेट्रोल पंपावर आहे. प्रत्येक पंपावर पाच लिटरचं शिक्का मारलेलं माप ठेवलेलं असतं. गिऱ्हाईक मागेल तेव्हा त्यात पेट्रोल सोडून दाखवावं लागतं. पाच लिटरमागे २५ मिलिलिटरचा फरक चालतो, म्हणजे अर्धा टक्का. ते माप वैधमापनशास्त्राच्या अधिकाऱ्याने त्याच्याजवळच्या मापाशी ताडलेलं असतं, त्याचं माप त्याहून वरच्या मापाशी, आणि ही साखळी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेपर्यंत जाते. आकाशातला रंगीत पडदा शेवटी एका पत्र्याच्या भांड्यावर उभा आहे. कुणीतरी कधीतरी ओतून बघितलं म्हणून आपण त्याच्यावर विश्वास ठेवतो. ओतून बघणारा माणूस कंटाळला, किंवा 'मागच्या वर्षी बघितलं होतं की' म्हणाला, तर आकडा तसाच दिसत राहतो. फक्त त्याच्यामागचं खरेपण संपलेलं असतं.

तेव्हा उद्या रविवार आहे, एक छोटं काम करून बघा. हल्लीच्या गाड्या स्क्रीनवर ॲव्हरेज दाखवतात. टाकी फुल करा, ट्रिप मीटर शून्यावर आणा. पुढची तीन-चार वेळची टाकी त्याच पंपावर, त्याच नोझलवर, पहिला कट पडेपर्यंत भरा. लिटर आणि किलोमीटर कागदावर लिहा. मग भागाकार करा आणि स्क्रीनचा आकडा शेजारी ठेवा. किती टक्क्यांचा फरक येतो आणि तो कुणाच्या बाजूने आहे, ते बघण्यासारखं असतं.

असो. पुढच्या शनिवारी भेटू.